वारंवार बंद पडणारे आयडलिंग: थ्रॉटल बॉडी पुन्हा पुन्हा काळी का होते, याचा शोध

क्लच दाबून गाडी हळू केली की आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा आयडलिंगच्या, म्हणजे पॅडल न दाबता इंजिन संथ चालण्याच्या, साडेसातशेच्या आसपास थांबण्याऐवजी थेट चारशेपर्यंत खाली येतो, इंजिन एकदा थरथरते आणि बंद पडते. चावी फिरवली की ते लगेच सुरू होते, मोकळ्या रस्त्यावर पिकअपबद्दल काहीही तक्रार नसते, आणि त्यामुळे गाडीमालक ही गोष्ट बरेच दिवस मनावर घेत नाहीत. मग एखाद्या संध्याकाळी बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर, मागे वाहनांची रांग लागलेली असताना, गाडी लागोपाठ तीनदा बंद पडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये येते. तेथे थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचे दार असलेला भाग, उघडली जाते, आत काळा चिकट थर दिसतो, स्प्रे मारून तो पुसला जातो आणि गाडी सुरळीत चालू लागते. दीड-दोन महिन्यांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभी राहते.

उद्यमबाग परिसरात मी गेली बावीस वर्षे हे काम करतो. पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत आमच्या भागातून, म्हणजे खानापूर, चंदगड, संकेश्वर, निपाणी आणि चिकोडीकडून, सर्वाधिक वेळा परत येणारी तक्रार हीच आहे, आणि ती परत येण्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: थर पुसला गेलेला असतो, पण तो कोठून आला हे कोणी पाहिलेले नसते. म्हणून तपासणी कोणत्या क्रमाने करावी, कोणत्या आकड्यांवर विश्वास ठेवावा आणि कोठे थांबून विचार करावा, हे येथे सविस्तर लिहीत आहे. उदाहरणासाठी खानापूरच्या एका निवृत्त गुरुजींची २०१४ सालची १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक घेतो. चौदा महिन्यांत तिची थ्रॉटल बॉडी तीन वेळा साफ झाली होती आणि त्यांपैकी एक सफाई माझ्याच हातची होती.

आधी हवेचा मार्ग नीट डोळ्यांसमोर आणू. आपण बोलताना ‘पेट्रोल दाबतो’ म्हणतो, परंतु पेट्रोल इंजिनात पायाखालचे पॅडल हवेचे दार उघडते. किती हवा आत गेली याचा अंदाज घेऊन ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या मापाने पेट्रोल सोडतो. हवा एअर फिल्टरच्या डब्यातून येते, रबरी पाइपातून थ्रॉटल बॉडीपर्यंत पोचते, तेथील गोल पाकळी, जिला आपण बटरफ्लाय म्हणतो, ती जितकी उघडी असेल तितकी हवा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यात, आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते. पाय पॅडलवर नसताना पाकळी जवळजवळ मिटलेली असते. जुन्या, केबलच्या गाड्यांत अशा वेळी शेजारच्या एका बारीक वाटेने हवा जाते आणि ती वाट आयडल व्हॉल्व्ह कमी-जास्त करतो. नव्या, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत मोटर स्वतः पाकळीच अंशभर उघडून धरते. दोन्ही प्रकारांत आयडलिंगची सगळी हवा केसाएवढ्या फटीतून जाते, आणि या फटीच्या काठावर थर बसला की तेवढीच हवा आत घेण्यासाठी ईसीएमला पाकळी जास्त उघडावी लागते. तो हे मुकाट्याने काही महिने करत राहतो. मात्र वेगात असताना पाय एकदम काढला की पाकळी झटकन मिटते, आणि ती परत योग्य जागी येईपर्यंतच्या क्षणात इंजिनाला श्वास पुरत नाही. गेटवर गाडी बंद पडते ती त्या क्षणी.

गाडी हातात आल्यावर बॉनेट उघडण्यापूर्वी मालकाशी दहा मिनिटे बोलावे, कारण या बिघाडात मालकाच्या तोंडून जे कळते ते पुष्कळदा स्कॅनरला, म्हणजे ईसीएममधील नोंदी वाचणाऱ्या यंत्राला, कळत नाही. गाडी थंड असताना बंद पडते की तापल्यावर, एसी लावल्यावरच पडते का, पेट्रोल भरून पंपावरून निघताना सुरू व्हायला त्रास देते का, पावसात भिजल्यावर त्रास वाढतो का, अलीकडे बॅटरी काढली होती का, आणि ऑइल कधी, कोणी, किती भरले, हे सर्व विचारावे. पेट्रोल भरल्यावरच त्रास होत असेल तर संशय टाकीतील वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरच्या पर्ज व्हॉल्व्हवर, म्हणजे ती वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेवर, जातो, कारण तो उघडा अडकला की टाकीतील पेट्रोलची वाफ अवेळी मॅनिफोल्डमध्ये ओढली जाते. बॅटरी काढल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर ईसीएमने महिनोन्महिने शिकून ठेवलेली पाकळीची जागा पुसली गेली आहे, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो; थर आधीपासूनच होता, आता तो उघडा पडला. गुरुजींनी मला सांगितले ते असे: “गोव्याला पोरीकडे जाऊन आलो की आठ दिवसांत पुन्हा बंद पडूलीय.” त्या वेळी मी हे वाक्य ऐकले आणि सोडून दिले. ते सोडायला नको होते. त्याचे कारण पुढे येईल.

यानंतर एअर फिल्टरचा डबा उघडावा. फिल्टर काढून नुसता झटकू नये. फिल्टरच्या पलीकडची, म्हणजे इंजिनाकडची बाजू पांढऱ्या कापडाने पुसून पाहावी. त्या बाजूला धुळीचा कणही असता कामा नये. जांबोटी, कणकुंबीकडच्या गाड्यांत कापडावर तांबूस रंग येतो, अथणी, रायबाग, चिकोडीच्या काळ्या मातीतील गाड्यांत राखाडी, आणि उसाच्या हंगामात शेतरस्त्याने ट्रॉल्यांच्या मागून फिरणाऱ्या गाड्यांत तर बोटाला जाणवेल अशी धूळ निघते. तेथे धूळ पोचली असेल तर फिल्टर फाटला आहे, चुकीच्या मापाचा आहे किंवा झाकण नीट बसत नाही, यांपैकी काहीतरी नक्की आहे. कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झाडण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्याने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात, म्हणून मी ती पूर्णपणे बंद केली आहे. धुळीच्या भागातील गाडीचा फिल्टर ठरलेल्या अंतराच्या निम्म्यावर सरळ बदलावा.

गुरुजींच्या गाडीत डब्याच्या झाकणाची मागची क्लिप तुटलेली होती. समोरून सगळे बंद दिसत होते, पण मागच्या कोपऱ्यात करंगळीचे नख जाईल एवढी फट होती, आणि डब्याच्या तळाशी भाताची फोले, दोन सुकी पाने आणि उंदराने कुरतडलेल्या फिल्टरच्या कागदाचे तुकडे पडलेले होते. गाडी घरामागे भाताच्या पोत्यांशेजारी उभी असते. खानापूर भागातील गाड्यांत हे दृश्य मला दरवर्षी सुगीनंतर दिसते, त्यामुळे जानेवारीत डबा एकदा उघडून पाहा, असे मी त्या बाजूच्या सर्व गाडीमालकांना आवर्जून सांगतो.

आता स्कॅनर. ईसीएमने नोंदवलेले बिघाडाचे कोड आधी वाचून लिहून ठेवावेत, ते लगेच पुसू नयेत. पी ०५०६ म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा कमी, पी ०५०७ म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त, पी ०५०५ म्हणजे आयडलिंगच्या नियंत्रणातच गडबड, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. हे कोड बिघाडाची जागा सांगत नाहीत, फक्त परिणाम सांगतात, आणि थर जमण्याच्या तक्रारीत तर बहुतेक वेळा कोडच नसतो. म्हणून चालू इंजिनावरचे आकडे पाहणे हेच खरे काम आहे.

पहिला आकडा इंजिन सुरू करण्यापूर्वीच घ्यावा. चावी ऑन करावी, इंजिन बंदच ठेवावे आणि मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचे वाचन पाहावे. या वेळी मॅनिफोल्डमध्ये बाहेरचाच हवेचा दाब असतो, त्यामुळे सेन्सरने तोच दाखवला पाहिजे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, म्हणून येथे हे वाचन ९२ ते ९३ किलोपास्कलच्या आसपास येते. पणजीत हीच गाडी १०१ च्या जवळ दाखवील. यावर मी मुद्दाम थांबतो आहे, कारण सर्वत्र उपलब्ध असलेल्या माहितीत समुद्रसपाटीचा १०० किंवा १०१ हा आकडा दिलेला असतो, आणि तो प्रमाण मानून चांगला सेन्सर काढून टाकल्याची दोन उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. उलट, बेळगावात उभ्या गाडीत १०१ दिसत असेल तर तो सेन्सर चुकतो आहे. चोर्ला घाट उतरून साखळीपर्यंत जाऊन आलेल्या गाडीत हे वाचन आठ-नऊ किलोपास्कलने वाढून पुन्हा खाली आले, म्हणजे सेन्सर जिवंत आहे.

त्याच वेळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि कूलंटचे तापमान एकमेकांशी ताडून पाहावे. दोन-तीन अंशांहून अधिक फरक असू नये. हवेचे तापमान उणे ४० दिसत असेल तर सेन्सरची तार तुटली आहे किंवा कपलर (तारांचा जोड) निघाला आहे.

मग इंजिन पूर्ण गरम करावे, पंखा एकदा लागून बंद होऊ द्यावा, एसी आणि दिवे बंद ठेवावेत आणि चार आकडे वहीत उतरवावेत: आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, पाकळीची टक्केवारी आणि दोन्ही फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोलच्या मापात टक्केवारीने करत असलेली तात्पुरती आणि दीर्घकाळची दुरुस्ती. निरोगी इंजिनात गरम आयडलिंगला मॅनिफोल्डचा दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. पाकळीच्या टक्केवारीचा मूळ आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून तो एकटा पाहून काही ठरवू नये. सफाईपूर्वीचा, सफाईनंतरचा आणि पुढच्या प्रत्येक भेटीतला आकडा एकाखाली एक लिहिला की त्याला अर्थ येतो. गुरुजींच्या गाडीत सफाईपूर्वी १९ टक्के होते, सफाईनंतर १४. हे दोन आकडे मी पहिल्या वेळी लिहून ठेवले असते, तर सहा आठवड्यांनी १६ दिसताच थर पुन्हा चढतो आहे हे गाडी बंद पडण्याआधीच कळले असते.

फ्युएल ट्रिम वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण येथे अनुभवी माणसेही फसतात. ज्या गाडीत हवेचे वजन मोजणारा मॅफ सेन्सर आहे, तिच्यात सेन्सरनंतर कोठूनही चोरून हवा शिरली तर ती मोजली जात नाही, पेट्रोल कमी पडते, आयडलिंगला ट्रिम अधिक १० च्या पुढे जातो आणि २५०० आरपीएमला पुन्हा जागेवर येतो. परंतु आपल्या रस्त्यांवरील बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतो; त्या मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा हिशेब करतात. अशा गाडीत पाकळीच्या पलीकडे हवा शिरली की दाब वाढतो, सेन्सरला तो दिसतो आणि ईसीएम त्या मापाने पेट्रोलही वाढवतो. मिश्रण बरोबर राहते, ट्रिम सरळ राहतो, पी ०१७१ येत नाही, आणि गळती मात्र आहेच. तिची खूण वेगळी असते: आयडलिंग विनाकारण जास्त राहते किंवा वरखाली हेलकावे खाते, आणि ते खाली आणण्यासाठी ईसीएमने पाकळी, किंवा जुन्या गाडीत आयडल व्हॉल्व्ह, जवळजवळ पूर्ण मिटलेला असतो. ट्रिम चांगला आहे म्हणून गळती नाही, असा निष्कर्ष अशा गाडीत काढू नये.

गळतीचा संशय असेल तर सर्वांत साधी परीक्षा अशी आहे. इंजिन आयडलिंगला चालू ठेवून थ्रॉटल बॉडीकडे जाणारा रबरी पाइप सोडावा आणि तिचे तोंड जाड रबराच्या सपाट तुकड्याने झाकावे. तळहात लावू नये, ओढ जोरदार असते. मॅप सेन्सरच्या गाडीत इंजिन क्षणात बंद पडले पाहिजे. ते अडखळत का होईना, पण चालतच राहिले, तर हवा पलीकडून येते आहे. मग मॅनिफोल्डला जोडलेल्या नळ्या एकेक करून मऊ जबड्याच्या पकडीने चिमटाव्यात: ब्रेक बूस्टरची, पर्ज व्हॉल्व्हची, पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातला वायू परत ओढणाऱ्या व्हॉल्व्हची). जी चिमटल्यावर आरपीएम बदलून स्थिर होतो, तिच्या टोकाला दोष आहे. नळ्या ठीक असतील तर मॅनिफोल्डचे गॅस्केट आणि इंजेक्टरच्या रबरी रिंगा राहतात, आणि त्यांच्यासाठी इंजिन बंद ठेवून अत्यंत कमी दाबाने केलेली धुराची तपासणी हा निर्विवाद मार्ग आहे. चालू, तापलेल्या इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून आवाज ऐकण्याची पद्धत मी आता वापरत नाही व कोणी वापरावी असे मला वाटत नाही. सायलेन्सरच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलेला एक फवारा आग लावायला पुरेसा असतो.

गुरुजींच्या गाडीत गळती नव्हती. सेन्सरचे वाचन चावीवर ९२, गरम आयडलिंगला ३४, ट्रिम अधिक २. सगळे आकडे व्यवस्थित होते. तोंड झाकताच इंजिन लगेच बंद पडले. म्हणजे प्रश्न एवढाच उरला की एवढा थर येतो कोठून.

मी त्या थराचा थोडासा भाग बोटाच्या चिमटीत घेऊन चोळला. कोरड्या काजळीसारखा तो भुरभुरला नाही. वंगणासारखा पसरला आणि बोटांना बारीक वाळूसारखी खरखर लागली. ही परीक्षा फुकट आहे आणि तिने फार मोठी दिशा मिळते. खरखर म्हणजे फिल्टर चुकवून आलेली धूळ. तिचा रस्ता तुटलेल्या क्लिपजवळ आधीच सापडला होता. वंगण म्हणजे इंजिन ऑइलची वाफ, आणि ती थ्रॉटलपर्यंत येण्याचा रस्ता एकच आहे: क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या पोटाचा, श्वास.

हा भाग थोडा समजावून सांगतो, कारण सफाई करणाऱ्यांपैकी फार थोडे जण येथपर्यंत जातात. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडा जळका वायू प्रत्येक इंजिनात खाली क्रँककेसमध्ये उतरतो. तो बाहेर न सोडता पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो, आणि त्याची जागा भरण्यासाठी ब्रीदर पाइपातून फिल्टर झालेली ताजी हवा आत येते. हा ब्रीदर पाइप थ्रॉटल बॉडीच्या अलीकडे, फिल्टरकडच्या रबरी पाइपाला जोडलेला असतो. साध्या चालण्यात ब्रीदरमधून हवा इंजिनात जाते, त्यामुळे थ्रॉटल बॉडी स्वच्छ राहते. परंतु पॅडल पूर्ण दाबून चढ चढताना मॅनिफोल्डची ओढ जवळजवळ संपते, जळका वायू वाढतो, आणि ब्रीदरमधला प्रवाह उलटा फिरून ऑइलची वाफ थ्रॉटलच्या तोंडाशी आणून टाकतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदलेला असेल तर हा उलटा प्रवाह चढावरच नव्हे, तर सदासर्वकाळ चालू राहतो, कारण वायूला दुसरी वाटच उरत नाही. त्यात ऑइल प्रमाणाबाहेर भरलेले असेल तर क्रँक ते घुसळतो आणि वाफेचे प्रमाण आणखी वाढते.

गुरुजींचे वाक्य मला येथे आठवले. गोव्याहून परत येताना, चार माणसे आणि डिकीभर सामान घेऊन, पूर्ण चोर्ला घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा, म्हणजे त्या थ्रॉटल बॉडीला सलग अर्धा-पाऊण तास ऑइलच्या वाफेत धरण्यासारखे होते.

पीसीव्हीची तपासणी पाच मिनिटांची आहे. इंजिन गरम आणि आयडलिंगला असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडावे आणि त्या तोंडावर वहीचा कोरा कागद सैल ठेवावा. काही क्षणांत कागद हलकेच खाली ओढला गेला पाहिजे. तो फडफडून वर उडत असेल, तर पीसीव्ही चोंदला आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. याउलट झाकण उघडायलाच जोर लागत असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे किंवा त्याचा पडदा फाटला आहे, आणि तो दोष आयडलिंग चढवून ठेवतो. साधा, गोळीचा व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला की आतली गोळी खुळखुळली पाहिजे. गुरुजींच्या गाडीत कागद वर उडाला, आणि काढलेला व्हॉल्व्ह कितीही हलवला तरी त्यातून आवाज आला नाही. आत डांबरासारखा गोळा झाला होता. नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर कागद तोंडावर अलगद बसला. रिंगा ठीक असल्याचीही खात्री त्यातच झाली. नव्या व्हॉल्व्हनंतरही कागद उडत राहिला असता, तर पुढची पायरी कॉम्प्रेशन तपासणीची होती, आणि मग विषय थ्रॉटल बॉडीच्या पलीकडे गेला असता.

डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होते. चौकशीत कळले की प्रत्येक सर्व्हिसला साडेतीन लिटरचा डबा पूर्ण ओतला जात होता, उरलेले ऑइल मालकाला परत कशाला द्यायचे म्हणून नव्हे, तर डबाभर ऑइल हेच माप आहे अशा समजुतीने. या इंजिनाला फिल्टरसह तीन लिटर आणि थोडे वर एवढेच लागते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून, डिपस्टिक पाहात पाहात भरणे हीच ऑइल भरण्याची बरोबर रीत आहे, डब्यावर कितीही लिहिलेले असो.

ब्रीदर पाइप काढून उघड्यावर सोडण्याचा एक उपाय काही जण सुचवतात. त्याने थ्रॉटल काही काळ स्वच्छ राहतो हे खरे आहे, परंतु मग पीसीव्ही त्या उघड्या तोंडातून न गाळलेली हवा सरळ क्रँककेसमध्ये ओढतो, आणि आपल्याकडच्या उसाच्या हंगामातील धूळ इंजिन ऑइलमध्ये मिसळू देणे म्हणजे बेअरिंगांचे आयुष्य कमी करणे आहे. शिवाय तो वायू बाहेर सोडणे प्रदूषणाच्या नियमांतही बसत नाही. हा उपाय करू नये.

विजेच्या बाजूचे दोष वेगळे ओळखता येतात, म्हणून त्यांबद्दल थोडक्यात लिहितो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये पाकळीची जागा सांगणारे दोन सेन्सर असतात आणि पॅडललाही दोन असतात, यासाठी की एकाची साक्ष दुसऱ्याने पडताळावी. थ्रॉटलच्या जोडीत तफावत आली की पी २१३५ आणि पॅडलच्या जोडीत आली की पी २१३८ नोंदला जातो, गाडी स्वतःला सुरक्षित अवस्थेत नेते आणि पॅडल दाबूनही वेग चढत नाही. असे आंबोली किंवा चोर्ला घाटात झाले तर गाडी कडेला घेऊन, इंडिकेटर लावून थांबावे. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती बरी वाटली तरी तशीच घाटात पुढे दामटू नये. बहुतेक वेळा दोष कपलरमध्ये निघतो: पावसाळ्यात पाणी शिरून पिनांवर हिरवट थर आलेला असतो, किंवा उंदराने तारेचे आवरण कुरतडलेले असते. स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे आकडे लावून कपलर हलक्या हाताने हलवावा. आकडा उडी मारेल तेथे दोष. थ्रॉटल बॉडी बदलण्याचा खर्च मोठा असतो, त्यामुळे ही परीक्षा केल्याशिवाय ती बदलण्यास कोणी सांगितले तर गाडीमालकाने नम्रपणे पण ठामपणे आकडे दाखवायला सांगावेत.

सफाई करताना बॅटरीची ऋण बाजू सुटी करावी आणि थ्रॉटल बॉडी काढून हातात घेऊनच काम करावे. चावी ऑन असताना इलेक्ट्रॉनिक पाकळी बोटाने दाबू नये. मोटर ती अचानक मिटवते, बोट सापडते आणि आतली प्लास्टिकची दातेरी चाकेही तुटू शकतात. स्प्रे कापडावर घेऊन पुसावे, पाकळीच्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये सोडू नये. काही थ्रॉटल बॉडींत पाकळीच्या कडेला काळसर-राखाडी लेप कंपनीनेच दिलेला असतो. तो फट भरून काढतो. चकचकीत धातू दिसेपर्यंत घासण्याच्या हौसेत तो लेप निघून गेला, तर आयडलिंग कायमचे चढते आणि त्याला इलाज उरत नाही. मऊ कापड, मऊ ब्रश, आणि कापडावर काळे येणे थांबले की हात थांबवावा.

सफाईनंतर आरपीएम हजाराच्या वर राहिला तर घाबरून नवीन दोष शोधू नये. ईसीएमला अजून जुनी, थर असलेली फटच ठाऊक असते. बऱ्याच गाड्यांत चावी काही वेळ ऑन ठेवून, मग इंजिन सुरू करून, सर्व दिवे आणि एसी बंद ठेवून पंखा दोनदा लागेपर्यंत आयडलिंगला चालवले, त्यानंतर काही मिनिटे एसी लावून ठेवला, की ते नवी जागा शिकते. काही मॉडेलांत हे काम स्कॅनरनेच करावे लागते. त्या मॉडेलची ठरलेली पद्धत पाहूनच करावे.

गुरुजींच्या गाडीत झाकणाची क्लिप, नवा फिल्टर, पीसीव्ही व्हॉल्व्ह, ब्रीदर पाइपाची आतून सफाई, मापात ऑइल आणि शेवटी थ्रॉटल बॉडी, एवढे काम एकाच दिवशी केले. त्यानंतर ते तीन वेळा गोव्याला जाऊन आले. दर दोन महिन्यांनी मी पाकळीचा आकडा वहीत लिहितो: १४, १४, १४, १५, १५. दहाव्या महिन्यात रबरी पाइप सोडून टॉर्च मारला, तेव्हा पाकळीच्या कडेला पिवळसर, पातळ ओशटपणा होता, कापड फिरवताच निघून गेला, आणि बोटांना खरखर लागली नाही.